शेवटची सोळा पानं आणि ठराव क्रमांक सात

जळकोट शिवार,
२२ सप्टेंबर १९८६

आदरणीय रामकिसन मामा यांस,

तुमची भाची पंचशीला हिचा मनापासून जयभीम. मामींनाही कळवा. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? जिने चढू नका असं डॉक्टरांनी सांगितलं आणि तुम्ही तर तिसऱ्या मजल्यावर राहता, तेव्हा यातून काय मार्ग काढला तेही लिहा. इकडे आई, तात्या आणि मी ठीक आहोत. पाऊस पोळ्याला आला होता, पण पाहुण्यासारखा दारातूनच परत गेला. टँकर एक दिवसाआड येतो. तात्या पाझर तलावाच्या कामावर मुकादम आहेत, त्यामुळे त्यांच्यावर सगळे चिडतात आणि ते घरी येऊन आमच्यावर चिडतात. एकूण सगळं जागच्या जागी आहे.

(हा कागद आणि शाई माझी स्वतःची आहे. पत्र दूध संस्थेच्या टेबलावर बसून लिहिते आहे हे खरं, पण गावातली निम्मी जनावरं छावणीत गेल्यामुळे दूध अर्ध्या तासात गोळा होऊन संपतं, आणि बाकीचा वेळ मी खुर्ची सोडून जाऊ शकत नाही. खुर्चीवर बसून खासगी पत्र लिहावं की लिहू नये, असं मी सचिवांना विचारलं. ते म्हणाले, "लिही की, खुर्ची काय झिजती व्हय?" तरी मी खुर्चीच्या कडेवर बसले आहे.)

आता मुद्द्याचं. मामा, मी तुमच्यावर रागावले आहे. हे वाक्य सुरुवातीला लिहावं की शेवटी, या विचारात माझे दोन दिवस आणि तीन कागद गेले. वडीलधाऱ्यांवर रागवायचं तर आधी परवानगी मागावी का, असंही मनात आलं. पण परवानगी मागून केलेला राग म्हणजे रजेचा अर्ज झाला, म्हणून सरळ लिहिते. मी तुमच्यावर रागावले आहे आणि त्याचं कारण तुम्ही पाठवलेली कादंबरी आहे.

आषाढात एस.टी.च्या पार्सलनं ती आली. पहिल्या पानावर तुमच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: "चि. पंचशीलास. धर्माच्या हाती सत्ता गेली की घरातली माणसं कशी नाहीशी होतात, ते यातून कळेल. डोळे उघडे ठेवून वाच." मामा, मी डोळे उघडे ठेवूनच वाचलं. पुढचं सगळं त्यामुळेच झालं. सोळाव्या वर्षी लग्न न होता बी.ए. झालेली आपल्या घराण्यातली मी पहिली, आणि शिकलेल्या माणसानं पुस्तक कसं वाचायचं हे मला कुणी दाखवलेलं नाही. म्हणून मी ते खाताखाता वाचत नाही, आडवं पडून वाचत नाही आणि मधलं एक वाक्यही सोडत नाही. तुम्ही मात्र ते वाचून पाठवलं की नुसतंच पाठवलं, याची मला आता शंका आहे. कारण वाचलं असतं तर दोन गोष्टी तुमच्या लक्षात आल्या असत्या. एक म्हणजे त्याची शेवटची सोळा पानंच नाहीत. दुसरी मी पुढे लिहिते.

गोष्ट तुम्हाला आठवावी म्हणून थोडक्यात सांगते. वाळवंटाकडचा कुठलातरी देश. तिथं धर्मरक्षक नावाच्या लोकांचं राज्य. एक शिंपी, त्याची बायको, मुलगा आणि मुलगी. शिंप्यानं कुणाचातरी झगा धर्माच्या मापापेक्षा चार बोटं आखूड शिवला, म्हणून भरदुपारी त्याला घेऊन जातात. त्याची सावली मात्र घरातल्या भिंतीवर तशीच राहते. ती रोज सकाळी शिवायला बसते. मशीन जप्त झालंय, पण सावलीला सावलीचं मशीन पुरतं. बायको भिंतीसमोर ताट ठेवते. ताट भरलेलंच असतं, पण ताटाची सावली रिकामी होते. पुढे मुलालाही नेतात, आणि घरातलं एकेक माणूस गेलं की घराचं एकेक दार नाहीसं होतं. दाराच्या जागी भिंत, जणू तिथं दार कधी नव्हतंच.

पहिल्या वाचनात मला फार राग आला. सावलीला वस्तू लागते आणि उजेड लागतो, हे मी सातवीला शिकले आहे. मी पेन्सिलीनं समासात (हलक्या हातानं, खोडता येईल असं) लिहीत गेले: "हे शक्य नाही." "हेही शक्य नाही." पन्नासाव्या पानापर्यंत मी एकोणीस वेळा तसं लिहिलं. मग धर्मरक्षक सावलीच्या नावाचं वॉरंट घेऊन येतात (प्रार्थनेच्या वेळी ती वाकत नाही, असा आरोप), तिथं मी लिहायला गेले "हे शक्य नाही", आणि हात थांबला. वॉरंटचा भाग मला शक्य वाटला.

आता माझी चूक. आपल्याकडे वर्षावास पाऊस असो नसो पाळतात. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं आणि वाचणारी मी. पाली शब्दांचा उच्चार चुकेल या भीतीनं मी ग्रंथ दुपारी घरी आणून तालीम करते. आणि मला पुस्तकाला वेष्टन घातल्याशिवाय चैन पडत नाही. यंदा दूध संस्थेचं जुनं कॅलेंडर होतं (सचिवांना विचारून घेतलं), त्याच्या जुलैच्या पानाचं वेष्टन ग्रंथाला आणि ऑगस्टच्या पानाचं तुमच्या कादंबरीला घातलं. दोन्हींवर तीच म्हैस. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्रिसरण झालं, पंचशील झालं, सगळे हात जोडून बसले, मी उघडलं आणि समोर शिंपी. मिटावं म्हटलं, तर विहाराचा नियम असा की उघडलेला ग्रंथ अध्याय पुरा केल्याशिवाय मिटायचा नाही. (हा नियम कुणी केला असं मी नंतर विचारलं. तुम्हीच केलात, सत्तावन्न साली.) नियम मोडणं आणि भलतंच वाचणं यांत कमी वाईट काय, याचा विचार करायला वेळ नव्हता, म्हणून मी नियम पाळला. ग्रंथाच्या चालीत, ग्रंथाच्या आवाजात मी अख्खा पहिला अध्याय वाचला. सावलीनं भिंतीवरून मीठ मागितलं तिथं तो संपला आणि चाळीस माणसांनी डोळे मिटून म्हटलं, "साधू, साधू, साधू."

मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत जाऊन मी सगळ्यांसमोर कबुली दिली. शेजारच्या मथुराबाई डोक्यावर घागर तशीच ठेवून म्हणाल्या, "आम्हाला काय येडं समजलीस व्हय गं? ग्रंथात मीठ मागणारी सावली कुठनं आली? आम्ही गप बसलो, कारण पुढं काय होतंय ते ऐकायचं हुतं. आज लवकर सुरू कर." मी म्हटलं, विहारात नाही. तर आमच्याच अंगणात ठरलं. आधी विहारात ग्रंथ, मग अंगणात कादंबरी, आणि दोन्हींच्या मध्ये मी हातपाय धुवायची (पाणी नसेल तेव्हा नुसते झटकायची), म्हणजे सरमिसळ नको.

मामा, मला वाटलं होतं लोक सावलीवर हसतील. सावलीवर कुणी हरकतच घेतली नाही. हरकती भलत्याच. पाझर तलावावरून अंगभर धूळ घेऊन आलेल्या बाया विचारायच्या, शिंप्याची बायको रोज ताट वाढते, मग ते उरलेलं जेवण करते काय? टाकती म्हणलीस तर उद्यापासून मी येणार न्हाई, असं मथुराबाईंनी बजावलं. पुस्तकात तर त्याबद्दल काहीच नाही. मी दोन दिवस शोधलं आणि शेवटी (खोटं बोलले, त्याची टोचणी अजून आहे) शेळीला घालते असं सांगितलं. मग शेळीचं पुढं काय झालं, ते रोज विचारू लागले. लिंबाजी आबा, जे ग्रंथवाचनात पहिल्या ओळीला झोपतात, ते इथं काठीवर हनुवटी ठेवून टक्क जागे. त्यांचं म्हणणं, सावली घरात असणं एका परीनं बरं, तिला पाणी लागत नाही, टँकरची एक घागर वाचली. धर्मरक्षक दार ठोठावतात त्या जागी नेमका टँकर आला. अंगण क्षणात रिकामं झालं आणि पंधरा मिनिटांनी मला रांगेत उभं करून, घागरींच्या खणखणाटात, पुढचं पान वाचायला लावलं. धर्मरक्षकांना इतक्या मोठ्या आवाजात शिव्या बसल्या की टँकरवाल्याला वाटलं आपल्यालाच. त्या दिवशी त्यानं न बोलता पाणी पूर्ण दिलं.

असं अकरा दिवस चाललं. मग पान दोनशे आठ. तीस वर्षांनी शिंपी परत येतो. म्हातारा, वाकलेला, एकही दात नाही. घराला आता एकच दार उरलंय आणि तो त्या दारात उभा आहे. भिंतीवर त्याची सावली, पस्तीस वर्षांची, ताठ. बायको एकदा भिंतीकडे बघते, एकदा दाराकडे. आणि वाक्य असं आहे: "तेव्हा सावलीनं सुई खाली ठेवली आणि ती हळूहळू..." संपलं. पान उलटलं तर पान सत्त्याण्णव, म्हणजे बांधणाऱ्यानं शेवटच्या सोळा पानांच्या जागी मधलीच सोळा पानं पुन्हा घातलेली. म्हातारा दारात, आणि अचानक त्याच्या मुलीचं लग्न ठरतंय, जे मोडून आम्हाला सहा दिवस झाले होते. मला कळेपर्यंत मी पाच पानं वाचली. लिंबाजी आबा म्हणाले, "थांबू नगं. सावली जेवती तिथं मोडलेलं लगीन पुन्हा ठरंल, त्यात काय!" म्हणून मी उरलेली अकराही वाचली. लग्न पुन्हा मोडलं आणि मथुराबाई पुन्हा रडल्या.

मग मी सांगितलं की शेवट नाही. मामा, अंगणात दंगाच झाला. अकरा दिवस रडवलं आणि आता पानं न्हायती म्हणती! मामानं पैसं वाचवायला फुटपाथवरनं घेतलं असंल! (घेतलंत का?) दोन पक्ष पडले. एक म्हणायचा, सावली त्याच्याकडे जाणार, ती त्याचीच आहे. दुसरा म्हणायचा, कशाला जाईल, तिनं तीस वर्षं घर धरून ठेवलं, आता हा कोण कुठला दारात उभा. आवाज चढले. आणि आई, जी अकरा दिवस भिंतीला टेकून तुरी निवडत होती आणि एक अक्षर बोलली नव्हती, ती सुपातून मान वर न करता म्हणाली,

"बनाक्का परत आली तवा रामादादानं दार लावलं. आतली सावली तिच्याकडं गेली का न्हाई, ते कुणी बघितलंच न्हाई."

मी विचारलं, बनाक्का कोण? चाळिशीच्या पुढचं प्रत्येक माणूस जमिनीकडे बघायला लागलं. लिंबाजी आबांची तंबाखूची पिशवी त्यांच्या हातातच होती, तरी ते ती शोधायला लागले.

आता ती दुसरी गोष्ट. पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पण मला तेवीस वर्षं ठाऊक नव्हतं, म्हणून मी जे ऐकलं ते लिहिते. काही चूक असेल तर दुरुस्त करून परत पाठवा. तुम्ही पाच वर्षांचे होतात तेव्हा तुम्हाला देवी आल्या. तुमच्या गालांवरचे व्रण त्याचेच. मला लहानपणी वाटायचं की पोस्टात काम करणाऱ्या माणसांचे गाल असेच असतात. तुमची मोठी बहीण बनाबाई, वय आठ, नऊ दिवस तुमच्या उशाशी बसून होती. तुम्ही खाजवू नये म्हणून तिनं तुमचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले होते, झोपेतसुद्धा. नवव्या दिवशी आजीनं तुळजापूरच्या देवीला बोलून टाकलं: पोरगा जगू दे, पोरगी तुला वाहते. पोरगा जगला. पोरीच्या गळ्यात कवड्यांची माळ घातली, हातात परडी दिली आणि आराधिणींच्या मेळ्याबरोबर जोगवा मागायला पाठवली. तुमच्यासाठी ती गेली. हे मी रागानं लिहीत नाही. पाच वर्षांच्या पोराचा काय दोष? राग आजीचाही येत नाही, म्हणजे येतो, पण तिनं बघितलेलं जग मी बघितलेलं नाही.

राग पुढचा आहे. छप्पनला आपण धम्म घेतला. सगळ्यांनी घरातले देव गोळा करून विहिरीत सोडले. तुम्ही तेविशीचे, सगळ्यांत पुढे, विहाराची समिती तुम्ही काढली. आणि सत्तावन्नच्या उन्हाळ्यात बनामावशी घरी आली. तिनं ऐकलं होतं की आता आपल्यात देव नाहीत, म्हणजे नवसही नाहीत, म्हणजे मी सुटले. म्हणून आली. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, आधी परडी टाक. ती म्हणाली, "टाकते की. पर मग खाऊ काय, रामा?" आई तेव्हा सतरा वर्षांची होती, चुलीपाशी. ती सांगते, तुम्ही दार लावलंत.

मामा, तुमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तुम्ही ठराव केला.

देवीनं नेली आणि आपण परत येऊ दिली नाही. मला तुम्ही वाळवंटातल्या शिंप्याचं पुस्तक पाठवता आणि वर लिहिता की धर्माच्या हाती सत्ता गेली की माणसं कशी नाहीशी होतात ते बघ. मी बघितलं. माझ्या घरात एक मावशी होती आणि तिच्या जागी इतकी सारखी भिंत होती की मला कधी विचारावंसंही वाटलं नाही, इथं दार होतं का.

दुसऱ्या दिवशी आण्णासाहेब गुरुजी आले. (ते निवृत्त झाल्यापासून समितीचे अध्यक्ष आहेत आणि समितीला शाळेसारखंच चालवतात. सभेला उशीर झाला तर लिंबाजी आबांनासुद्धा उभं करतात.) त्यांना कळलं होतं की अंगणात परडीवालीचं नाव निघालं. त्यांनी पुस्तक मागितलं. मी दिलं, पण पावती मागितली. त्यांनी पावती लिहून दिली: "एक कादंबरी, चमत्कारांनी भरलेली, वस्तीच्या विचारांस घातक, शेवट नसलेली." पुस्तक विहाराच्या कपाटात कुलपात गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी दूध संस्थेत आले, इकडेतिकडे बघितलं आणि दबक्या आवाजात दरडावलं, "दोनशे आठच्या पुढची पानं तू काढून ठेवलीस. आण." मी शपथेवर सांगितलं की नाहीत. ते बाकावर बसले. मग म्हणाले, "त्या बाईनं रोज ताट वाढायला नको होतं. त्यानं सावली सोकावली." म्हणजे त्यांनी सगळं वाचलं होतं, मामा, दोन दिवसांत, कुलपातलं.

तो मोका साधून मी विचारलं, बनाबाईंनी वस्तीत का येऊ नये? गुरुजी चिडले, पण त्यांनी जे सांगितलं ते मी प्रामाणिकपणे लिहिते. ते म्हणाले, "पोरी, तू जन्मली तवा सगळं स्वच्छ झालेलं हुतं. मी माझी आत्या देवीच्या नावानं गावोगाव हिंडताना आणि मरताना बघितली. एक परडी आत आली की दहा येत्यात. यंदा पाऊस न्हाई, तर परवा एकानं गुपचूप नारळ फोडला, मी बघितलाय. उद्या कुणी पुन्हा पोरगी वाहिली तर तू थांबवशील का?" मामा, गुरुजींचं म्हणणं सगळं खोटं असतं तर मी इतकी रागावले नसते. सरळ भांडून मोकळी झाले असते. मी एवढंच म्हणाले की पोरगी वाहणाऱ्याला अडवा, वाहिलेल्या पोरीला का अडवता? त्यावर ते उठले आणि म्हणाले, "ठराव आहे. तुझ्याच मामाचा. मी काय करू?"

मी इतिवृत्ताची वही काढली. ठराव क्रमांक सात, सत्तावन्नचा, तुमचं अक्षर. "हाती परडी धरणाऱ्या कोणासही वस्तीच्या हद्दीत थारा देऊ नये." आणि खाली, वेगळ्या शाईत: "हा ठराव, मांडणाऱ्याने स्वतः लेखी मागे घेतल्याखेरीज, समितीस रद्द करता येणार नाही." गुरुजी म्हणतात हे तुम्ही ठराव पक्का व्हावा म्हणून घातलं. मी ती ओळ पुष्कळदा वाचली. मी चुकत असेन, मी लहान आहे, तुम्ही रागवाल. पण रागाच्या भरात माणूस शाई बदलत नाही. मला वाटतं ती ओळ तुम्ही नंतर, एकटे असताना लिहिली. तुम्ही दार लावलंत आणि किल्ली फक्त तुमच्याकडे राहील अशी तजवीज केलीत. मग औरंगाबादला बदली झाली, गुडघे दुखायला लागले, आणि एकोणतीस वर्षं गेली.

एवढं लिहून मी आता थांबते, कारण राग संपला नाही तरी कागद संपत आला. माझी विनंती फक्त पुस्तकाबद्दल आहे. औरंगाबादेत कुठं चांगली प्रत मिळाली तर शेवटची सोळा पानं बघून घ्या आणि जमलं तर हातानं नकलून पाठवा. वस्तीत दोन्ही पक्ष अजून बोलत नाहीत. बाकीच्या भानगडीत तुम्हाला ओढायचा माझा विचार नाही. ठराव ठरावाच्या जागी आहे, मी नियमानं चालणारी मुलगी आहे. अधिकउणं लिहिलं असेल तर मोठ्या मनानं विसरा. (विसरू नका. ते वाक्य सवयीनं लिहिलं. खोडलं तर कागद घाण दिसेल.)

तुमची भाची,
पंचशीला

ता. क. पुस्तक परत मिळालं आहे. गुरुजींनी स्वतः आणून दिलं आणि पावती परत मागितली. समासात माझ्या "हे शक्य नाही"च्या खाली पाच ठिकाणी त्यांनी लाल शाईनं "बरोबर" असं लिहिलंय, आणि वॉरंटच्या पानावर नुसतंच एक प्रश्नचिन्ह.

ता. क. दुसरं. सोबत एक कागद आहे. ठराव क्रमांक सात मागे घेत असल्याचा मजकूर मी माझ्या अक्षरात लिहून ठेवलाय. जिथं पेन्सिलीची फुली आहे तिथं सही करायची. परतीचं पाकीट तिकीट लावून आत घातलंय. समितीची सभा अश्विन पौर्णिमेला आहे. सही केली नाहीत तर तो कागद तसाच परत पाठवा, म्हणजे मी वहीत चिकटवेन, तारखेसह. सोळा पानं नाही मिळाली तरी चालेल.

ता. क. तिसरं. वर मी लिहिलं की ठराव ठरावाच्या जागी आहे. तो आहेच. पण आईनं गेल्या आठवड्यात मला तुळजापूरच्या गाडीची वेळ विचारली होती, आणि जन्मात एकटी फाट्याच्या पुढं न गेलेली माझी आई एकटी गाडीत बसून गेली आणि संध्याकाळी दोघी उतरल्या. बनामावशीला आमच्याकडे आज चार दिवस झाले. नियम मोडलेला नाही. ठरावात "हाती परडी धरणाऱ्या" असं आहे, म्हणून परडी हद्दीच्या दगडाबाहेर, बाभळीला टांगली आहे. हातात नाही. गुरुजी रोज सकाळी येऊन ती बाभळीलाच आहे ना याची खात्री करतात. काल वाऱ्यानं पडली तर त्यांनीच काठीनं उचलून पुन्हा अडकवली, आणि मग आमच्या अंगणात येऊन बसले, कारण मी मावशीसाठी कादंबरी पहिल्यापासून, सकाळ-संध्याकाळ वाचते आहे.

ता. क. शेवटचं. मावशीला आज सकाळी दोनशे आठवं पान वाचून दाखवलं आणि विचारलं, सावली जाते का त्याच्याकडे? ती म्हणाली, ते म्हाताऱ्याला विचारा, त्याला ती पाहिजे का. मग मी म्हटलं, मामांना पत्र लिहिते आहे, तुझ्याकडून काय लिहू? तिनं खूप विचार केला. रागाचं काहीतरी सांगेल म्हणून मी पेन तयार ठेवला होता. ती म्हणाली, एवढंच विचार, रामाच्या गालावरचे व्रण बुजले का. बाकी काही लिहू नको म्हणाली. मी लिहिलेलं नाही.